वाचनालयाचा जुना कंप्युटर: पानं का उघडत नव्हती, त्याच्या नोंदी

(बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयासाठी ठेवलेली वही. पुढं कुणाला हाच कंप्युटर बघावा लागला तर त्याला सुरुवातीपासून शोधत बसायला लागू नये.)

8 जून 2025

आजच्या बैठकीत कंप्युटर भंगारात द्यायचा विषय निघाला. तक्रार एकच: "इंटरनेट चालत नाही." मी आठवडाभर थांबायची विनंती केली आणि समितीनं ती मान्य केली.

यंत्र असं: असेंबल केलेला डेस्कटॉप, इंटेल कोअर टू ड्युओ ई7500 प्रोसेसर, 2 जीबी डीडीआर2 रॅम, 160 जीबी हार्ड डिस्क, विंडोज 7 (32 बिट), क्रोमची 78 वी आवृत्ती. सोबत एचपी 1020 लेसर प्रिंटर, तो अजून स्वच्छ छापतो.

हा कंप्युटर गावाला का हवा, तेही लिहून ठेवतो. शेताचा उतारा, म्हणजे कर्नाटकच्या 'भूमी' व्यवस्थेतली पहाणी, इथंच बघितली जाते. कर्नाटक सरकारच्या 'सेवा सिंधू' साईटवरचे अर्ज, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, कॉलेज प्रवेशाचे फॉर्म हेही इथंच. मोबाईल घरोघरी आहेत, पण चार पानी फॉर्म मोबाईलवर भरताना मधेच तो पुसला जातो आणि माणूस शेवटी खानापूरला जाऊन पैसे मोजून भरून घेतो. भाताच्या पेरणीच्या दिवसांत एका उताऱ्यासाठी अर्धा दिवस घालवणं कुणालाच परवडत नाही.

9 जून

"चालत नाही" म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी बघितलं. ग्रंथपाल काकांना विचारलं तर म्हणाले, "काय की बाबा, कधी चक्र फिरतंय, कधी लाल कायतरी येतंय, कधी पांढरंच राहतंय."

काकांच्या या एका वाक्यात तीन वेगवेगळे बिघाड आहेत. त्यांच्याशेजारी बसून त्यांना लागणाऱ्या साईट एकेक करून उघडायला सांगितल्या आणि पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला:

बहुतेक ठिकाणी "युवर क्लॉक इज बिहाइंड". तारीख हातानं दुरुस्त केल्यावर त्यातल्या काही साईट उघडल्या, काहींवर "युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" आलं. काही पानं नुसती पांढरी, चूक म्हणून काहीच नाही. आणि जे उघडतं तेही बराच वेळ चक्र फिरून मग.

त्याच वायफायवर माझा मोबाईल लावला. सगळ्या साईट लगेच उघडल्या. म्हणजे लाईन आणि राउटर ठीक आहेत, जे काय आहे ते या डब्यात आहे. हे आधीच ठरवून घेतलं की पुढचं निम्मं काम वाचतं. नाहीतर लोक राउटर चालू-बंद करत बसतात.

10 जून

तारीख.

कंप्युटर चालू केला की घड्याळ 1 जानेवारी 2009 दाखवतं. काका रोज सकाळी तारीख-वेळ हातानं बसवतात आणि मग कामाला लागतात. आमच्याकडं पावसाळ्यात जांबोटीच्या बाजूला वारं सुटलं की करंट जातो, यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळं दिवसातनं परत परत 2009 साल उजाडतं.

कारण सोपं आहे. करंट नसताना घड्याळ चालू ठेवायला मदरबोर्डवर एक चपटा सेल असतो, सीआर2032, 3 व्होल्टचा. मल्टिमीटर लावला तर 2 व्होल्टच्या आसपास. संपलाय.

तारखेचा आणि वेब पान उघडण्याचा संबंध काय, असं काकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. हल्ली जवळजवळ प्रत्येक साईट 'एचटीटीपीएस'नं येते, म्हणजे ती आपला एक दाखला ब्राउझरला दाखवते. दुधाच्या पिशवीवर असते तशी त्या दाखल्यावर तारीख छापलेली असते: अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत चालेल. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था फुकट दाखले देते, तिच्या दाखल्यांची मुदत फक्त 90 दिवस. कंप्युटरच्या लेखी आज 2009 साल असेल तर 2025 साली दिलेला दाखला त्याला "अजून सुरूच न झालेला" वाटतो आणि तो पान अडवतो. ब्राउझरचं वागणं बरोबर आहे, घड्याळ चुकीचं आहे.

मग विंडोज स्वतः इंटरनेटवरून वेळ का घेत नाही? घेतं, पण घरगुती कंप्युटरवर आठवड्यातनं एकदा. शिवाय फरक 15 तासांपेक्षा जास्त असला तर ते दुरुस्ती करायचं नाकारतं. इथला फरक 16 वर्षांचा, म्हणून ते गप्प बसतं.

संध्याकाळी नवा सेल घातला. घड्याळाच्या दुकानात मिळाला. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख बसवली, वायर काढून रात्रभर ठेवला.

11 जून

सकाळी वेळ बरोबर. "क्लॉक इज बिहाइंड" गेलं.

12 जून

तारीख बरोबर असूनही काही साईटवर दाखल्याची लाल सूचना येतेच आहे. आजची नोंद जरा लांब होईल, कारण लोक इथंच चुकीचं बटण दाबतात.

दाखला खरा कशावरून? त्यावर दुसऱ्या मोठ्या दाखल्याची सही असते, त्याच्यावर आणखी वरच्याची, आणि सगळ्यात वर एक मूळ दाखला असतो. ते मूळ दाखले कंप्युटरमध्ये आधीपासून साठवलेले असतात. त्यांनाही मुदत असते. 'डीएसटी रूट सीए एक्स3' नावाच्या मूळ दाखल्याची मुदत 30 सप्टेंबर 2021 ला संपली. लेट्स एन्क्रिप्टचे दाखले घेतलेल्या असंख्य साईट तोवर जुन्या यंत्रांवर त्याच्या आधारानं चालत होत्या. त्याची जागा घेणारा 'आयएसआरजी रूट एक्स1' ज्यांच्याकडं पोचला नव्हता, त्या यंत्रांवर त्या साईट त्या दिवसापासून बंद पडल्या. विंडोज 7 असे नवे मूळ दाखले गरजेप्रमाणे स्वतः आणू शकतं, पण या कंप्युटरवर ज्यानं कुणी विंडोज घातलं त्यानं अपडेटसकट तीही सोय बंद करून ठेवली आहे. यादीत बघितलं: जुना दाखला आहे, नवा नाही.

खात्री करायची एक साधी रीत आहे. क्रोमची ही जुनी आवृत्ती विंडोजच्या साठ्यातले मूळ दाखले वापरते. फायरफॉक्स आपला साठा आपल्याबरोबर घेऊन येतो. घरच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स 115 ईएसआर (दीर्घ आधाराची आवृत्ती) उतरवून पेनड्राइव्हवरून इथं घातला. क्रोमला नको असलेली साईट फायरफॉक्समध्ये कुरकुर न करता उघडली. म्हणजे साईट चांगली, लाईन चांगली, विंडोजचा साठा जुना.

आता बटणाबद्दल. त्या लाल पानावर "ॲडव्हान्स्ड" आणि त्याखाली "प्रोसीड" असतं. वाचनालयात येणाऱ्या पोरांना ते पाठ झालंय, आणि ती ते मोठ्यांनाही शिकवतात: "मावशी, हितं दाबा, मग हितं दाबा, झालं." मला याची खरोखर काळजी वाटते. ज्या कंप्युटरवर आधार नंबर, बँकेचं पासबुक, शेताचा सर्वे नंबर टाकला जातो, तिथं सूचना न वाचता पुढं जायची सवय लागली तर ज्या दिवशी मधे खरंच कुणी चोर बसलेला असेल त्या दिवशीही बोट त्याच बटणावर जाणार. बिघाड दुरुस्त करण्याइतकंच ही सवय मोडणं गरजेचं आहे. कंप्युटरवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय: "लाल पान आलं तर थांबा. काकांना हाक मारा."

14 जून

पांढरी पानं. क्रोममध्ये तसं पान उघडून एफ12 दाबलं आणि 'कन्सोल', म्हणजे पानातल्या चुका दिसतात ती जागा, बघितली. तिथं लाल ओळ होती: "सिंटॅक्स एरर, अनएक्स्पेक्टेड टोकन". म्हणजे साईटनं पाठवलेला जावास्क्रिप्टचा (पान चालवणाऱ्या प्रोग्रामचा) मजकूर या ब्राउझरला वाचताच येत नाही. ओळीवर टिचकी मारली तर प्रश्नचिन्हाला लागून टिंब असलेली खूण दिसली. ही लिहायची पद्धत क्रोमला 80 व्या आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी 2020 पासून कळते. आपल्याकडं 78. एका खुणेवर अडला की ब्राउझर ती अख्खी फाईल सोडून देतो, आणि सगळं पान त्याच फाईलीतून तयार होत असेल तर पडदा पांढरा राहतो.

इथं सेटिंग बदलून काही होणार नाही. ब्राउझरच नवा लागतो. फायरफॉक्स 115 मध्ये तीच पानं भरून आली.

15 जून

चक्र फिरणं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसचे (साईटच्या नावावरून ती कुठं आहे ते सांगणाऱ्या यंत्रणेचे) दोन पत्ते हातानं भरलेले निघाले, पूर्वीच्या कुठल्यातरी जोडणीचे. पहिला पत्ता आता उत्तरच देत नाही. त्यामुळं प्रत्येक नव्या नावासाठी कंप्युटर आधी त्याची वाट बघतो आणि मग दुसऱ्याकडं जातो. एका पानात दहा ठिकाणची नावं असतील तर वाट बघणं साचत जातं. 'आपोआप घ्या' असं करून टाकलं. पाच मिनिटांचं काम.

साईटची वाट भलतीकडं वळवू शकणाऱ्या आणखी दोन जागा, प्रॉक्सी आणि होस्ट्स फाईल, याही बघून घेतल्या. दोन्ही साफ.

18 जून

सगळे बिघाड सापडले, आता निर्णय घ्यायचाय. फायरफॉक्स 115 वर काम चाललंय, काका खुश आहेत. समितीतल्या एका अण्णांचं म्हणणं, "चाललंय न्हवं? मग असू दे की."

मला ते पटत नाही, आणि कारणं बैठकीत मांडली ती इथंही लिहितो. विंडोज 7 ला मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळणाऱ्या सुरक्षा सुधारणा 14 जानेवारी 2020 ला बंद झाल्या. त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती 109, जानेवारी 2023 ची. फायरफॉक्समध्ये 115 ही शेवटची, आणि तिला सुरक्षेच्या सुधारणा द्यायची मुदत मोझिलानं (जून 2025 मध्ये) सप्टेंबर 2025 पर्यंत वाढवलेली होती. म्हणजे आज उघडणारी पानं उद्याही उघडतील, पण ब्राउझरमध्ये एखादं भोक सापडलं तर बुजवायला कुणी असेलच असं नाही. स्वतःच्या घरचा कंप्युटर असता तर चाललं असतं. हा गावाचा आहे.

नवा कंप्युटर घ्यायचे पैसे वाचनालयाकडं नाहीत. पण कोअर टू ड्युओ हा 64 बिटचा प्रोसेसर आहे, त्यावर 32 बिटचं विंडोज घातलेलं असलं तरी. डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली त्यावर चालते, फुकट आहे, आणि तिला जून 2028 पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत. फायरफॉक्सची दीर्घ आधाराची आवृत्ती तिच्याबरोबरच अद्ययावत होत राहते.

मंजूर झालं. अट एकच, आणि ती योग्य आहे: पुस्तकांची यादी हरवता कामा नये.

22 जून

रविवार असल्यानं बेळगावला जाऊन आलो. खडेबाजारच्या आतल्या बाजूला जुने सुटे भाग मिळतात. डीडीआर2 रॅमच्या 2 जीबीच्या दोन पट्ट्या, जुन्या पण तपासून दिलेल्या, आणि 240 जीबीची नवी साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क) घेतली. या मदरबोर्डला 4 जीबीपेक्षा जास्त रॅम चालत नाही, त्यामुळं त्याहून मोठं काही घेण्यात अर्थ नव्हता. बोर्डावरची साटा, म्हणजे डिस्क लावायची जोडणी, जुन्या वेगाची आहे, एसएसडी पूर्ण वेगानं धावणार नाही. तरी फिरत्या डिस्कपुढं जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

26 जून

यादीचा प्रश्न. वाचनालयाची पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे आणि ती युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. असा फॉन्ट मराठी अक्षराच्या जागी आतमध्ये इंग्रजी खुणाच साठवतो, पडद्यावर फक्त त्यांचं रूप मराठी दिसतं. फॉन्ट नसलेल्या कंप्युटरवर तीच यादी निरर्थक अक्षरांचा ढीग दिसते. त्यात शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही.

म्हणून जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी ठेवायची. त्यावरचं विंडोज फक्त यादीपुरतं, नेटवर्क बंद करून. नवी प्रणाली एसएसडीवर. यादीची प्रत पेनड्राइव्हवर आणि समितीच्या सचिवांच्या घरी. युनिकोडमध्ये बदलायचं काम वेगळं हाती घ्यावं लागेल. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, ते डोळ्यांनीच तपासावं लागतं. त्यासाठी पुस्तकं ओळखणारा माणूस पाहिजे, आणि तो म्हणजे काकाच.

29 जून

डेबियन घातलं. पडद्यावरच्या मांडणीसाठी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. चालू होऊन ब्राउझर उघडेपर्यंतचा वेळ बघून काका म्हणाले, "हा तोच काय रे?"

पहिलीच अडचण भाषेची. पहाणी उघडली तर कन्नड अक्षरांच्या जागी नुसते चौकोन, आणि मराठी बातम्यांच्या पानावरही तसंच. इंग्रजीत प्रणाली घातली की भारतीय लिप्यांचे फॉन्ट आपोआप येतीलच असं नाही. सीमाभागात दोन्ही लिप्या लागतात: उतारा कन्नडमध्ये, वाचन मराठीत. 'नोटो'चा मुख्य संच आणि 'लोहित देवनागरी', 'लोहित कन्नड' घातले. चौकोन गेले.

टायपिंगसाठी आयबस हे साधन आणि त्याचा एम17एन हा कीबोर्ड मांडण्यांचा संच. मराठी इनस्क्रिप्ट, मराठी फोनेटिक आणि कन्नडसाठी केजीपी असे तीन ठेवले. शाळेत कन्नड शिकलेली पोरं केजीपीवर सराईत आहेत.

1 जुलै

प्रिंटर. एचपी 1020 स्वतःजवळ फर्मवेअर (त्याला चालवणारा आतला प्रोग्राम) ठेवत नाही, दर वेळी चालू केला की कंप्युटरनं ते पाठवावं लागतं. ड्रायव्हर नीट नसेल तर प्रिंटर दिसतो पण छापत नाही, आणि माणूस केबल बदलत बसतो. एचपीचा लिनक्स संच आणि त्याचं प्लगइन घातलं. पहाणी छापून बघितली, कन्नड अक्षरं कागदावरही नीट आली.

3 जुलै

काकांनी यादी बघायला विंडोज चालू केलं, नंतर डेबियनमध्ये आले तर घड्याळ साडेपाच तास पुढं. सेल चांगला आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स तिथं जागतिक वेळ आहे असं समजून वर साडेपाच तास मिळवतं. नेट असलं की डेबियन आपोआप दुरुस्त करतं, पण करंट येतो आणि राउटर उठायला वेळ लागतो तेवढ्यात काकांच्या नोंदवहीत चुकीची वेळ जाते. डेबियनला "घड्याळात स्थानिक वेळ आहे" असं सांगितलं, 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेत त्याची सोय आहे. दोन्हीकडनं चालू करून तपासलं, बरोबर.

6 जुलै

आषाढी एकादशी. वाचनालय बंद.

9 जुलै

आज नांगरणीतनं वेळ काढून आलेल्या एका मावशींनी उतारा मागितला. काकांनी स्वतः उघडला, सर्वे नंबर घातला, छापून दिला. मी मागं उभा होतो, हात लावला नाही. त्यानंतर डिप्लोमाला जाणाऱ्या एका मुलीनं शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत भरला, कागदपत्रं चढवली, पोचपावती घेतली. मधे एकदा करंट गेला. परत आला तेव्हा तारीख बरोबर होती, आणि अर्ज जतन केला होता तिथून पुढं सुरू झाला.

राहिलेली कामं: यूपीएसला नवी बॅटरी, समिती या महिन्यात बघते म्हणाली. यादीचं रूपांतर, रोज एक कपाट या हिशेबानं काका आणि दोन कॉलेजची पोरं मिळून करणार आहेत. अपडेट दर शनिवारी, ते कसं करायचं हे काकांच्या अक्षरात भिंतीवर लिहून लावलंय. मॉनिटरवरचा लाल पानाचा कागद तसाच ठेवायचा.